मोडी शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. २०२०च्या टाळेबंदीत तुम्ही घरातून मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग सुरू केलात आणि तो आजही चालू आहे, एक रुपया न घेता. आमच्यापैकी कुणाला यातून पदवी मिळायची नव्हती की बढती. बहुतेकांची पन्नाशी, साठी उलटलेली. अशा माणसांना कुणी मन लावून शिकवतं, हे लोकांना कळायला हवं.

मोडी आमच्या वडिलांच्या पिढीने शाळेत गिरवली होती. १९५०च्या आसपास ती शाळेतून गेली आणि एका पिढीत घरातले कागद घरच्यांनाच परके झाले. आमच्याकडेही ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेला रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचा गठ्ठा, होता. दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागायचं, उघडून मात्र कुणी पाहत नव्हतं. घराघरांत हीच गत. पुण्याच्या पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३०च्या दशकात छापून आणले, तरी त्या दप्तराचा फार मोठा भाग अजून वाचणाऱ्याची वाट पाहतो आहे, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत. "आपण सगळं वाचून संपवणार नाही, पण आपल्या ट्रंकेतलं तरी वाचू," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

तुम्ही शिकवायचात कसं, ते थोडं सविस्तर लिहिते, कारण खरी किमया तिथेच आहे. मोबाइल स्टँडला उलटा टांगून कॅमेरा तुमच्या हातावर यायचा. चेहरा दिसायचा नाही, फक्त हात, टाक आणि कागद. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग शिरोरेषा, मग तिच्याखाली अक्षरं, हात शक्यतो न उचलता. देवनागरीत अक्षर आधी आणि रेघ नंतर, ही आयुष्यभराची सवय तुम्ही न रागावता मोडलीत. आम्ही आखीव वहीतल्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकायचो आणि सकाळपर्यंत प्रत्येक पान लाल खुणांसह परत आलेलं असायचं. ज्यांच्या गावात रेंज नाही त्यांच्यासाठी तुम्ही तोच धडा आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचात. तुमचं जेवण, झोप, घरचं आजारपण यातून हा वेळ कुठून यायचा, हे आम्ही कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं.

आणि वर्गात आम्ही कोण कोण! बडोद्याचे निवृत्त बँक अधिकारी, बीडचे वकील, मस्कतमध्ये नर्स असलेली आमच्यातली सगळ्यांत धाकटी, साताऱ्याकडचे शेतकरी दादा, आणि तंजावरचे काका. काका घरात मराठी बोलतात, लिहितात तमिळमध्ये; त्यांच्या गावच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळचे मोडी कागद आहेत, ते वाचता यावेत म्हणून ते आले. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने आम्हाला कोऱ्या पाट्या समजून शिकवलं असतं. तुम्ही मात्र प्रत्येकाकडे आधीच काय आहे ते हेरलंत आणि वर्गाच्या कामाला लावलंत. जमिनीच्या कागदात बिघे आणि पांड आले की तुम्ही थांबायचात, "दादा, तुम्ही सांगा." गहाणखताची भाषा आली की वकीलसाहेब.

शुहूर सनाची संध्याकाळ तर मी विसरणं शक्य नाही. जुन्या कागदांवर या सनाचं साल अरबी संख्याशब्दांत, तेही एकंपासून वर चढत जाणारं. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. मृग नक्षत्राला सुरू होणारं हे वर्ष. इसवी सन काढायला तिथून पुढचे सहासात महिने ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६०-६१, पानिपतचं वर्ष. तुम्ही आमच्याकडून इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस असे पाढ्यासारखे म्हणवून घेत होतात आणि मस्कतची मुलगी मध्येच म्हणाली, "ताई, हे आकडे तर मी वॉर्डात रोज ऐकते." पुढचा अर्धा तास तुम्ही वर्ग तिच्या हाती दिलात. स्वतःचा वर्ग असा दुसऱ्याच्या हाती सहज सोपवणारे शिक्षक मी माझ्या शाळा-कॉलेजात फार थोडे पाहिले.

पण मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते तुमच्या एका नियमाचे. जे वाचता येत नाही तिथे टिंबं द्यायची. अंदाज करायचा नाही. केलाच तर कंसात, प्रश्नचिन्हासह. मोडीत शब्द सुटे नसतात, ओळ एकसलग पळते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार बऱ्याचदा गळतो, त्यातून 'रा।' सारखी संक्षिप्त रूपं. इतक्या मोकळ्या जागेत वाचणाऱ्याला हवं ते दिसू लागतं. "आपल्याला हवं ते वाचायचं असेल तर कागद कशाला उघडायचा?" असं तुम्ही म्हणायचात.

त्या नियमाचं मोल २०२३ साली सगळ्यांना कळलं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात जुन्या कागदांतल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत गरज पडली. आपल्या वर्गातले दोघे त्या कामाला गेले. जाण्याआधी तुम्ही त्यांना एवढंच बजावलंत की, त्या एका शब्दावर कुणाचा तरी दाखला अवलंबून आहे. स्पष्ट दिसलं तर लिहा, नाही तर अस्पष्ट असं लिहा, समोर कुणीही उभं असलं तरी. मला तेव्हा तुमच्याबद्दल वाटलेला आदर शब्दांत सांगता येणार नाही.

माझ्या घरापुरतं सांगते. आमच्या रुमालातला सर्वांत जाड कागद निघाला शके १८१५चा, म्हणजे १८९३-९४चा, स्टँपाचा. वाटणीपत्र. माझ्या आजेसासूबाईंच्या सासूबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. दिरांच्या उपकारावर त्या राहिल्या, असंच घरात चार पिढ्या सांगत आले. कागद म्हणतो: पूर्वेकडची खोली त्यांची, विहिरीवर पाण्याचा हक्क त्यांचा, परसातली दोन कलमं त्यांची, आणि दरसाल अन्नवस्त्राबद्दल भात इतकं इतकं. खाली दिरांच्या सह्या आणि या बाईच्या नावापुढे निशाणी. ओळीतून ओळ काढत हे वाचायला मला पावसाळा पुरला. शेवटची ओळ लागली तेव्हा नव्वदीच्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. नातवंडांनाही बसवून ऐकवलं. आता आमच्या घरात ती गोष्ट उपकाराची म्हणून सांगत नाहीत.

या वाटणीपत्रात भाताच्या आकड्यापुढचा एक शब्द कसरीने खाल्ला आहे. अर्धा दिसतो, अर्धा नाही. घरचे म्हणतात, अर्थ लागतोय ना, मग भर घाल. मी तिथे टिंबंच ठेवली आहेत. ती तुमची शिकवण.

मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, संगणकाकडून हे कागद वाचून घेण्याचे प्रयत्नही होत आहेत. ते व्हायलाच हवेत, कागद काही थोडे नाहीत. पण कुठे थांबायचं हे यंत्राला शिकवणारी माणसंही मोडी जाणणारीच लागतील, आणि ती अशा रात्रीच्या वर्गांतूनच येतील असं मला वाटतं.

दिवाळीनंतर नवी तुकडी सुरू होते आहे आणि या वेळी नावं बरीच आली आहेत, असं ग्रुपवर कळलं. सगळ्यांच्या वह्या तुम्ही एकटीने तपासू नका. बाराखडीपर्यंतची पानं माझ्याकडे पाठवा. वकीलसाहेबांनी जोडाक्षरं घेतली आहेत, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग मस्कतहून होईल. आमचं आपसात बोलणं झालं आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमची विद्यार्थिनी,
देवरुख