अश्लील आहे का, हा प्रश्नच चुकीचा

मा. संपादक,
स. न.

डीपफेकवरच्या (संगणकाने बनवलेल्या, खऱ्या वाटणाऱ्या खोट्या चित्रांवरच्या) आपल्या अग्रलेखात अश्लीलताविरोधी कायदे आणखी कडक करण्याची मागणी आहे. हेतू चांगला, पण हत्यार भलतेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ बघते ते मजकूर कामुक आहे का, पाहणारा बिघडेल का, एवढेच. जिचे चित्र आहे तिने होकार दिला होता का, हे त्या कलमाच्या गावीही नाही. उलट मित्राला विश्वासाने स्वतःचा फोटो पाठवणारी मुलगीच त्यात अडकू शकते.

एका कार्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. तिथल्या एका कर्मचारी महिलेचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या धडावर चिकटवून ऑफिसच्या ग्रुपवर फिरवला गेला. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ फोटो बोटांनी मोठा करून म्हणाले, "यात अश्लील काय आहे मॅडम? साडीच तर नेसलीय!" साडीच होती. पण ती बाई कँटीनमध्ये यायची बंद झाली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची कसोटी 'नकोसे वर्तन' ही आहे, म्हणून तक्रार टिकली.

कॅथरिन मॅकिनन आणि आंद्रिया डवर्किन या स्त्रीवादी विचारवंतांनी १९८३ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस शहरासाठी पोर्नोग्राफीविरोधी कायद्याचा मसुदा केला, तो याच अंगाने: प्रश्न नीतीचा नाही, स्त्रीच्या नागरी हक्काचा आहे, जिचे नुकसान झाले तिने दावा लावावा. महापौरांनी तो अडवला. इंडियानापोलिसने केलेला तसाच कायदा १९८५ मध्ये अपील न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्दबातल ठरवला. विरोधात स्त्रीवादीही होत्या, आणि त्यांची भीती पोकळ नव्हती. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अश्लीलतेसाठी 'हानी'ची (मजकुराने नुकसान होते का, ही) कसोटी उचलून धरली, आणि लगेच खटला झाला तो टोरंटोतल्या समलिंगींच्या पुस्तक दुकानावर, लेस्बियन मासिक विकले म्हणून! आपल्याकडे संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी आपल्या मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, तर त्यांच्यावर खटला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निकाल विरोधातच गेला.

म्हणून मॅकिननबाईंचा प्रश्न मला पटतो. कोणते चित्र स्त्रीला हीन लेखते हे ठरवायचे काम सरकारकडे द्यायला मात्र मी तयार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये एक चांगले स्पष्टीकरण आहे: खासगी क्षणाचे चित्र काढू दिले, पण पसरवायला होकार नव्हता, तर पसरवणे हा गुन्हा. जोडकाम करून बनवलेले चित्र त्यात बसत नाही, कारण कॅमेऱ्याने ते टिपलेलेच नसते. ती फट बुजवा. मात्र पुढाऱ्यांची व्यंगचित्रे आणि विडंबन यांना स्पष्ट शब्दांत सूट द्या. अशी सूट नसली की काय होते ते आपण पाहिले आहे: २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली होती, आणि त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द व्हायला २०१५ उजाडले.

आपली,
एक वाचक, नाशिक