जागच्या जागी सायकल

प्रिय मित्रा,

सायकल देऊन टाकू का, असं विचारलंस. रस्त्यावरची हवी तर दे. आपल्या या पार्किन्सन्सच्या आजारात तोलाचा भरवसा नाही. पण पायडल मारणं सोडू नकोस.

माझी घरातली, जागेवरची सायकल. आठवड्यातून तीनदा बसतो. दहा मिनिटं आरामात, मग एक मिनिट पाय पळतील तितके पळवायचे, दोन मिनिटं पुन्हा संथ. असं सहा वेळा, शेवटी पाच मिनिटं निवांत. सलग अर्धा तास रेटण्यापेक्षा हे जमतं, कारण वेगाची मिनिटं मोजकी असतात आणि सुटका समोर दिसत असते.

पहिला महिना मात्र मी वाया घालवला. पायडल जड करून ठेवलं, पुरुषार्थ! गुडघे दुखले आणि मिनिटाला पन्नास फेऱ्यांच्या वर गाडी जाईना. फिजिओथेरपिस्ट बाई हसल्या. म्हणाल्या, ताकद राहू द्या, पाय पळवा. पायडल हलकं केलं आणि हळूहळू ८०-८५ वर आलो. डोपामिन, म्हणजे हालचाल सांभाळणारं मेंदूतलं रसायन, कमी पडलं की आपली हालचाल लहान आणि संथ होते, आणि लबाडी अशी की आपल्याला ती नेहमीसारखीच वाटते. म्हणून आकडा समोर ठेव, मनाचं ऐकू नकोस.

हे वेड कुठून आलं ठाऊक आहे? २००३ साली अमेरिकेतले संशोधक जे अल्बर्ट्स पार्किन्सन्स असलेल्या एका मैत्रिणीबरोबर दोघांनी मिळून चालवायच्या एकाच सायकलवरून आयोवा राज्य पार करत होते. पुढचा वेगात, म्हणून मागचीलाही वेगात पाय फिरवावे लागले. आणि तिचं अक्षर सुधारलं! पुढे २००९ साली त्यांनी दहा रुग्णांवर आठ आठवडे प्रयोग केला. ज्यांचे पाय त्यांच्या स्वतःच्या वेगापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त फिरवून घेतले, त्यांच्या हालचालींत फरक पडला. आपल्या मर्जीने सायकल मारणाऱ्यांत तसा दिसला नाही. माणसं दहाच, हे विसरू नकोस. २०१९ चा नेदरलँड्समधला अभ्यास मोठा, १३० जणांचा. सहा महिन्यांनी घरी सायकल मारणाऱ्यांची हालचाल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी बिघडली. कमी बिघडली, बरी झाली नव्हे. गोळ्या चालूच.

आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घे. गोळीचा असर चालू असतानाच सायकलवर बस. पाय पायडलवर पट्ट्याने बांध, माझा डावा घसरतोच. नाडीवर विसंबू नकोस, या आजारात आणि काही औषधांनी ती हवी तशी वाढत नाही. वेगाच्या मिनिटात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता आलं नाही, म्हणजे बरोबर चाललंय. उतरताना घाई नको. एकदा रक्तदाब असा पडला की भिंत धरून उभा राहिलो.

बघ, अक्षर बारीक व्हायला लागलं. म्हणजे गोळीची वेळ झाली. घेतो, आणि तासाभराने सायकलवर. उत्तर हातानेच लिही, तुझं अक्षर कसं आहे ते मलाही बघू दे.

तुझाच
दोस्त