आचके दिसले तरी सीपीआर द्या

महोदय,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतील सीपीआरवरचा, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायच्या प्रथमोपचारावरचा लेख उपयुक्त आहे. मात्र 'श्वास चालू असल्यास छाती दाबू नये' एवढ्यावरच थांबणे धोक्याचे आहे. हृदय बंद पडल्यावरही पहिली काही मिनिटे माणूस आचके देऊ शकतो. जबडा उघडतो, घशात घरघर होते, मग बराच वेळ काहीच नाही. भोवतालची मंडळी मात्र 'श्वास आहे' म्हणत कांदा हुंगवत बसतात! या आचक्यांनी शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. हाक मारून, हलवूनही प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर १०८ला फोन लावून मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायला लागावे. पुढच्या पुरवणीत हा खुलासा ठळकपणे छापावा.

– एक वाचक, मिरज