सबमिशनचा पंधरवडा आणि मुलांची झोप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्र संपत आले की पुण्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे रात्री उशिरापर्यंत गर्दी दिसते. जर्नल, टर्मवर्क, ओरल, प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि त्याला लागूनच लेखी परीक्षा, असे सगळे एकाच पंधरवड्यात येऊन पडते. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला या काळात मुलांना घरीदारी मिळत राहतो आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. ताण अंगात कसा चढतो हे कळले, तर मात्र तो बराचसा आटोक्यात ठेवता येतो. त्याची सुरुवात झोपेपासून करावी, असे आमचे ठाम मत आहे.

थोडा ताण कामाचाच असतो. पेपरच्या आधी छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, तो ॲड्रेनलिन या संप्रेरकाचा परिणाम. त्याने लक्ष एकवटते आणि काम संपले की तो ओसरतो. कॉर्टिसॉल या ताणाच्या दुसऱ्या संप्रेरकाची गोष्ट वेगळी. ते सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असायला हवे. ‘नाइट मारली’, म्हणजे रात्र जागून काढली, की हा क्रम बिघडतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ते उतरत नाही, मग अंग दमलेले असूनही झोप लागत नाही आणि क्षुल्लक कारणाने रूममेटशी वाजते. शिवाय दिवसभर वाचलेले पक्के होते ते झोपेतच. म्हणून पहाटेपर्यंत वाचलेली व्याख्या हॉलमध्ये अर्धीच आठवते. या वयात सात ते नऊ तास झोप लागते. अगदीच नाइलाज झाला तरी पेपरच्या आदल्या रात्री सहा तासांच्या खाली उतरू नये.

झोप उडण्याचे एक साधे कारण चहा-कॉफीत आहे. कॅफीनचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात. रात्री अकराला घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफीन पहाटे चार-पाचलाही अंगात असते. त्यामुळे दुपारी तीननंतर ते बंद ठेवावे. एनर्जी ड्रिंकच्या अडीचशे मिलीच्या डब्यात सुमारे ७५ मिलिग्रॅम कॅफीन असते. एका रात्रीत असे दोन-तीन डबे रिचवले की हृदय धडधडते, हात थरथरतात आणि मुलाला वाटते की आपण घाबरलो आहोत. ती भीती खरी वाटत असली तरी तिचा बराचसा भाग डब्यातून आलेला असतो.

कॉट बेसिसवर एका खोलीत तीन-चार जण राहतात तिथे दिवा कधी बंद करायचा हे आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवून टाकावे. रोज रात्री त्यावरून घासाघीस नको. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवावी. अंथरुणावर वीस मिनिटांत झोप लागली नाही तर तळमळत पडू नये. उठून मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचावे, फोन हातात घेऊ नये. दुपारची डुलकी वीस मिनिटांची पुरते. तासभर झोपले तर उठताना डोके जड होते आणि रात्रीची झोपही लांबते.

झोपेतला वेळ चोरला जातो, कारण काम किती आहे याचा अंदाज नसतो. ‘जर्नल राहिलंय’ एवढेच डोक्यात असले की ते डोंगराएवढे वाटते. वही उघडून पाहावे. समजा बारा प्रयोगांपैकी सात उतरवून झालेत, त्यातल्या दोनांवर सही नाही, पाच लिहायचेत आणि एका प्रयोगाची रीडिंग्ज हरवलीत. आता तीन वेगळी कामे दिसू लागली. हरवलेली रीडिंग्ज बॅचमधल्या मित्राकडून आजच मागायची, कारण तिथे दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. सर कोणत्या वेळी लॅबमध्ये असतात हे विचारून दोन सह्या उद्या घ्यायच्या. उरलेले पाच प्रयोग, एकेकाला पन्नास मिनिटे आणि मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. जो वेळ लागेल असे वाटते त्यात निम्मा आणखी मिळवून वेळापत्रक लिहावे. आपला पहिला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी पडतो. वेळापत्रक कोलमडते ते इथेच, आणि मुले दोष स्वतःच्या आळसाला देतात.

अभ्यासातही अशीच एक फसगत होते. नोट्स तिसऱ्यांदा वाचल्या की ओळखीच्या वाटतात आणि ‘येतंय’ असा भास होतो. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग ताडून पाहावे. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. सुरुवातीला चुका दिसून जीव घाबरतो, पण काय येत नाही हे आठ दिवस आधी कळणे हॉलमध्ये कळण्यापेक्षा कितीतरी बरे.

ऐन वेळी भीती दाटून आली तर श्वासाचा उपाय चांगला चालतो, पण तो बहुतेक जण चुकीचा करतात. ‘दीर्घ श्वास घे’ म्हटले की भराभर मोठे श्वास घेतले जातात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती वाढते. नाकाने चार आकडे मोजत हलका श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडावा. भर सोडण्यावर हवा. पाच मिनिटे करावे आणि भीती नसतानाही रोज एकदा सराव ठेवावा, म्हणजे गरजेच्या वेळी जमते. घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि नंतर उतरू लागतो. हे आधी माहीत असले तर तो सोसता येतो. मात्र छातीत दुखणे किंवा धाप लागणे पहिल्यांदाच झाले असेल तर डॉक्टरांना दाखवावे. ते परस्पर ताणाच्या खाती टाकू नये.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि अनेकांचा सोमवार रिकाम्या पोटी सुरू होतो. फुटाणे, केळी, उकडलेली अंडी खोलीवर ठेवणे अवघड नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी यांपैकी काहीतरी बहुतेकांच्या आवाक्यात आहे, आणि सकाळच्या उजेडात चालण्याने रात्रीची झोपही सुधारते.

पालकांना एक कळकळीची विनंती. पेपर सुटल्या सुटल्या ‘किती मार्क पडतील?’ असे विचारू नका. झालेला पेपर बदलत नाही आणि पुढच्या पेपरची संध्याकाळ त्या हिशेबात जाते. एटीकेटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर तो पुढच्या सत्रात सोडवता येतो, हे मुलांना तुमच्या तोंडून ऐकायचे असते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-जेवण बिघडले असेल, मूल खोलीबाहेर पडत नसेल, तर वेळापत्रकाने भागत नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. एखादा मित्र ‘मी नसलेलाच बरा’ अशा अर्थाचे बोलू लागला तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका, जवळच्या मोठ्या माणसाला बोलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जिवाला धोका दिसत असेल तर ११२ लावा.

महाविद्यालयांकडून आमच्या अपेक्षा स्पष्ट आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये बजावले आहे. केवळ नेमणूक दाखवून भागणार नाही. समुपदेशकाची खोली विभागप्रमुखांच्या केबिनला लागून असेल, किंवा भेटीसाठी वर्गशिक्षकांची चिठ्ठी लागत असेल, तर मुले तिकडे फिरकत नाहीत. भेटीची वेळ लेक्चर-प्रॅक्टिकलच्या बाहेर हवी. तिथे बोललेले जिवाला धोका नसेल तर घरी किंवा विभागात कळवले जाणार नाही, हे दारावर लिहिलेले हवे. सर्व विषयांच्या सबमिशनच्या तारखा विभागाने सत्राच्या पहिल्याच आठवड्यात एकत्र बसून ठरवाव्यात आणि शेवटच्या सह्या लेखी परीक्षेच्या निदान दहा दिवस आधी संपवाव्यात. याला पैसा लागत नाही. आणि विद्यापीठाने १४४१६ हा क्रमांक हॉलतिकिटावर, परीक्षा केंद्राच्या नावाखाली ठळक छापावा. तो कागद प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात असतोच.

आपले,
पुण्यातील काही महाविद्यालयीन समुपदेशक व शिक्षक