छातीत दुखत असेल तर ट्रेडमिल नको

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्ट्रेस टेस्टवरचा, म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात त्या चाचणीवरचा, लेख दोनदा वाचला. सुई नाही, भूल नाही, हे ठीक. चाळिशीनंतर सगळ्यांनी करून घ्यावी, असंही त्यात लिहिलंय. पण ती कोणी करू नये, याबद्दल अर्ध्या पानात एक ओळ नाही!

गेल्या आषाढात माझ्या यजमानांच्या छातीत एकाच रात्री दोनदा भरून आलं, तेही झोपेत. सकाळी दवाखान्यात काढलेला ईसीजी नॉर्मल आला. 'टीएमटी (हीच ट्रेडमिल टेस्ट) करा, म्हणजे शंका नको,' म्हणून चिठ्ठी मिळाली. तपासणी केंद्रात सही घेतली आणि पट्ट्यावर उभं केलं. शेवटचं कधी दुखलं, हे कोणी विचारलं नाही. चौथ्या मिनिटाला ते दांडी धरून खाली बसले, शर्ट घामाने चिंब. तिथून थेट आयसीयू.

तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पेनाने मला धोक्याचा हिशेब मांडून दाखवला. त्याला टिमी स्कोअर म्हणतात, 2000 सालापासून तो वापरात आहे. एकूण सात गुण. वय 65 च्या पुढे, एक. बीपी, शुगर आणि धूम्रपान तिन्ही, एक. ॲस्पिरिन आधीपासून चालू, एक. 24 तासांत दोनदा दुखणं, एक. कोणत्याही यंत्राशिवाय चार झाले! चार गुणांच्या रुग्णांपैकी जवळपास 20 टक्के लोकांना 14 दिवसांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा तातडीची अँजिओप्लास्टी-बायपास यांतलं काहीतरी गाठतं. अशा माणसाला झोपवून ठेवायचं, ईसीजी पुन्हा पुन्हा काढायचा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं ट्रोपोनिन रक्तात उशिरा चढतं, म्हणून काही तासांनी तेही परत तपासायचं. हे सगळं नीट आलं आणि दुखणं पूर्ण थांबलं, तरच पुढे ट्रेडमिलचा विचार.

एवढं चौकटीत छापायला किती जागा लागली असती? पुढच्या पुरवणीत कृपया छापा.

आणि त्याच लेखाखाली सवलतीतल्या 'हार्ट पॅकेज'ची जाहिरात का? आमच्या शेजारच्या काकांनी ती कापून खिशात ठेवली होती. त्यांना आठवडाभर बसल्याजागी छाती दाबल्यासारखी होते आहे. काल रात्रीच मी त्यांच्या मुलाला फोन करून त्यांना हॉस्पिटलात न्यायला लावलं.

एक वाचक, कराड