निवेदिकेची खुर्ची

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, गायचं होतं आणि रेडिओवर दुसऱ्यांच्या गाण्यांची नावं सांगत बसलेय." तेव्हापासून तुला कंबोडियाच्या हुओय मियासबद्दल लिहायचं मनात आहे.

ही बट्टमबांगकडची मुलगी. १९६० च्या दशकात आणि ७० च्या सुरुवातीला राजधानी नोम पेन्हमध्ये तिचं नाव झालं ते दोन्हीकडून. ती गायची आणि राष्ट्रीय रेडिओवर निवेदनही करायची. सिन सिसामुत, रोस सेरेय सोथिया, पेन रान असे एकाहून एक गळे तेव्हा तिथे गात होते. तेव्हाचे राष्ट्रप्रमुख सिहानूक स्वतः गाणी रचायचे, सिनेमे काढायचे. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या चालींत क्यूबाचे ठेके मिसळत होते, व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैन्याच्या रेडिओवरचं रॉकही कानावर पडत होतं. तबकड्या घेणं सगळ्यांना थोडंच परवडणार! बहुतेकांच्या घरात ही गाणी आली ती रेडिओतूनच. सिसामुतही या रेडिओमुळेच देशभर पोचला. अशा ठिकाणी निवेदिकेची खुर्ची दुय्यम कशी असेल, सांग बरं?

माईकची ताकद त्या देशाने फार वाईट रीतीनेही पाहिली. मार्च १९७० मध्ये तिथला सेनानी आणि पंतप्रधान लॉन नोलने सिहानूकांना पदच्युत केलं. सिहानूकांनी पेकिंगहून (आताचं बीजिंग) रेडिओवरून लोकांना लढ्यात उतरायची हाक दिली आणि त्या आवाजावर विश्वास ठेवून खेड्यापाड्यांतली पोरं जंगलात गेली. त्याचा फायदा ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी उठवला. १७ एप्रिल १९७५ ला ते नोम पेन्हमध्ये घुसले. रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं आणि शहर रिकामं केलं. आजारी माणसांनाही दवाखान्यातून उठवून रस्त्यावर काढलं. पुढे रेडिओवर फक्त क्रांतीची गाणी लागली. जानेवारी १९७९ पर्यंत सुमारे १७ लाख माणसं उपासमारीने, आजाराने आणि हत्यांत गेली. कलावंत तर त्यांच्या डोळ्यांत सलतच होते. सिसामुत, सोथिया, पेन रान आणि आपली हुओय मियास, कुणीच वाचलं नाही. हे लिहितानाही माझा जीव तुटतो.

गाणी मात्र उरली. लोकांनी तबकड्या जपल्या, परदेशी गेलेल्यांनी कॅसेटी उतरवून घेतल्या, म्हणून आज तिचा आवाज मी पुण्यात बसून ऐकू शकते.

तू गाणं सोडू नकोस, रियाज तर नाहीच. पण निवेदनाला कमी लेखून माईकपुढे बसू नकोस. मनातली नाखुशी ऐकणाऱ्याला लगेच कळते. गाणं लावण्याआधी गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकाराचंही नाव घे, घाई असली तरी. आणि तुझे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवत जा, मला हवेत.

हुओय मियासची दोन गाणी व्हॉट्सॲपवर पाठवते आहे. रविवारी फोन कर, तुला कोणतं आवडलं ते ऐकायचंय.

तुझी,
आई