‘आर्बिट्ररी’ आणि बांधावरचा दगड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आपल्या अंकात एका सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणाची बातमी होती. सभासदांची तक्रार होती की वाटप ‘आर्बिट्ररी’ झालं. छापून आलं, ‘लवादानुसार वाटप’. ओरड मनमानीची, छापला न्याय! पण वार्ताहराला फार बोल लावत नाही, कारण दोन्ही अर्थ एकाच घरातले आहेत.

लॅटिनमधला ‘आर्बिटर’ म्हणजे पंच. बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचं मूळ ‘जागेवर जाणारा’ असं लावतात. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार, हाही त्याचा जुना अर्थ. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात शेताच्या हद्दीचा तंटा तीन आर्बिटरांनी मिटवायचा होता. हे वाचलं आणि मी सरसावून बसलो. भूकरमापक म्हणून माझी ३१ वर्षं दुसऱ्या कशात गेली?

एकदा एका साहेबांनी शिवारात पाऊल न टाकता कचेरीतच नकाशावर हद्द ओढून दिली. वकिलाने अर्जात लिहिलं, ‘आर्बिट्ररी’. फेरमोजणीला मला धाडलं. दोघे भाऊ, मध्ये बांध, बोलणं बंद. टिपणातल्या मापाने साखळी टाकली तर खूण बाभळीच्या बुंध्याशी येत होती. धाकट्याने कुदळ घातली. दीड हातावर हद्दीचा दगड लागला. थोरला बोलला काहीच नाही; खाली बसून टोपीने दगडावरची माती पुसत राहिला.

पंच म्हटला की थोडी त्याची मर्जी आलीच. इंग्रजीत हा शब्द आधी त्याच अर्थाने आला, पंचाच्या विवेकावर सोपवलेलं. मग मर्जी राहिली, विवेक गेला. १६४१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने स्टार चेंबर न्यायालय मोडलं, तेव्हा कायद्यातच ‘आर्बिट्ररी’ सत्तेवर ठपका ठेवला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या रोयप्पा खटल्यात समता आणि मनमानी यांना एकमेकींच्या हाडवैरिणी ठरवलं. भाषाविज्ञानात मात्र याच शब्दाला ‘यादृच्छिक’ म्हणतात. झाडाला ‘झाड’च का म्हणायचं, याला कारण नाही, एवढंच. त्यात कुणावर आरोप नाही.

तेव्हा पार्किंगच्या बातमीत सरळ ‘मनमानी’ लिहावं आणि दुरुस्ती छापावी. त्या बिचाऱ्यांच्या गाड्या अजून रस्त्यावरच असतील.

– एक निवृत्त भूकरमापक, वाई (जि. सातारा)